स्तनाची गाठ: ओळखायची कशी, दाखवायची कुठे आणि वेळ कुठे घालवायचा नाही

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि ९८ हजारांहून जास्त बायका त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये आपल्याकडे आता याचाच पहिला नंबर लागतो. पूर्वी तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा होता.

मला मात्र दुसऱ्या तीन आकड्यांबद्दल बोलायचं आहे. देशातल्या अकरा कॅन्सर नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या बायकांचा पाठपुरावा केला. आजार स्तनापुरताच असताना ज्या पोचल्या, त्यांच्यापैकी शंभरात साधारण ८१ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. आजार काखेपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर आलेल्यांमध्ये हे प्रमाण ६५ होतं. हाडं, फुप्फुसं, यकृत अशा लांबच्या अवयवांत गेल्यावर आलेल्यांमध्ये १८.

८१ आणि १८ यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याचा मोठा भाग आपल्या घरात, आपल्या रोजच्या धबडग्यात तयार होतो. आपण बायका दुखणं अंगावर काढतो, आणि हे दुखणं तर बहुतेकदा दुखतसुद्धा नाही. ज्या बाईने आजवर या बाबतीत काहीच केलेलं नाही, तिने कुठून सुरुवात करायची आणि पुढे एकेक पाऊल कसं टाकायचं, ते मी क्रमाने लिहिते आहे.

१. आधी घराण्याची चौकशी करा

याला पैसा लागत नाही, एक दुपार लागते. आई, मावशी, आजी यांच्याबद्दल तर विचाराच, पण वडिलांकडच्या बायकांबद्दलही विचारा. आत्या आणि वडिलांची आई या यादीतून नेहमी सुटतात. सदोष जनुक वडिलांकडूनही तेवढंच येऊ शकतं.

प्रश्न तीन: कोणाला झाला, कुठल्या अवयवाचा, आणि कितव्या वर्षी. जुन्या पिढीत आजाराचं नाव घेतलं जात नसे. ‘छातीला जखम झाली होती, भरलीच नाही’ किंवा ‘पोटात पाणी झालं आणि गेली’ एवढंच सांगितलं जातं. पहिल्यामागे स्तनाचा आणि दुसऱ्यामागे बीजांडकोशाचा, म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर असू शकतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शांतपणे बसवून विचारा, त्यांना बरंच आठवतं.

आई किंवा बहिणीला पन्नाशीच्या आत झाला असेल, एकाच बाजूच्या दोन-तीन जणींना झाला असेल, कोणाला ओव्हरीचा कॅन्सर असेल, किंवा घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल (शंभरातला साधारण एक रुग्ण पुरुष असतो), तर कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयातल्या जनुकीय समुपदेशकांना भेटा. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची तपासणी रक्तावरून किंवा लाळेवरून होते. शक्य असेल तर ती आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात. तिच्यात दोष सापडला, तर मग बहिणी आणि मुलींची. ज्यांच्यात तो सापडतो त्यांच्या तपासण्या लवकर सुरू होतात, त्यात एमआरआयही असतो.

आता याची दुसरी बाजू. आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच ते दहाच असतात. म्हणजे ज्यांना हा आजार होतो त्यांच्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो. ‘आमच्यात कोणाला नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकते, आणि दर वेळी मला काळजी वाटते. कारण ते म्हणून बाई तपासणीच्या रांगेतून बाहेर पडते.

२. जे आपल्या हातात आहे

वय, पाळी किती लवकर आली, किती उशिरा गेली, मूल झालं की नाही, कितव्या वर्षी झालं, या सगळ्याचा धोक्याशी संबंध आहे. पण त्यातलं बरंचसं आपल्या हातात नाही, आणि त्यावरून कोणी कोणाला बोलूही नये. हातात असलेलं थोडं आहे, पण खरं आहे.

पाळी गेल्यानंतर वजन आटोक्यात ठेवा. बीजांडकोशाचं काम थांबल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठी याच संप्रेरकावर पोसल्या जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम लागेल अशा गतीने चाला. घरकामात दिवसभर उभं राहावं लागतं, पण त्यात हा दम लागत नाही. दारू जितकी कमी तितकी बरी. रोजच्या एखाद्या पेगनेही या कॅन्सरचा धोका वाढतो आणि वाइन त्याला अपवाद नाही. बाळाला अंगावर पाजणं आईच्याही फायद्याचं आहे. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा महिने अंगावर पाजलं की आईचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं तिच्यात दिसलं. पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या घेत असाल, तर किती वर्षं घ्यायच्या ते डॉक्टरांशी ठरवून घ्या. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणत राहू नका.

काळ्या ब्रामुळे, घट्ट ब्रामुळे, ब्लाउजमध्ये मोबाइल ठेवल्याने किंवा डिओडरंटमुळे स्तनाचा कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. व्हॉट्सॲपवर असे निरोप दर ऑक्टोबरात फिरतात. ते पुढे पाठवण्याआधी पुढचा भाग वाचा, तो पाठवलात तर जास्त उपयोग होईल.

३. आपले स्तन आपल्या ओळखीचे हवेत

स्वतः तपासणी करण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. अर्ध्या जणींना स्वतःचे स्तन तपासायला रीतसर शिकवलं, अर्ध्या जणींना नाही. दहा वर्षांनी मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. उलट शिकवलेल्या गटात साध्या, म्हणजे कॅन्सरच्या नसलेल्या गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) जास्त झाल्या. म्हणून दर महिन्याला ठरावीक पद्धतीने तपासलंच पाहिजे असा आग्रह आता बहुतेक तज्ज्ञ धरत नाहीत.

मग हे सोडून द्यायचं का? माझं मत आहे, मुळीच नाही. शांघायच्या गिरणीत दवाखाना होता, नियमित देखरेख होती. आपल्याकडे २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात एकही नव्हती, ०.९ टक्के. जिथे दुसरं कोणी तपासतच नाही, तिथे आपले स्तन नेहमी कसे असतात याची ओळख बाईला असायलाच हवी. परीक्षा दिल्यासारखं तपासायचं नाही, ओळख ठेवायची. बदल झाला तर तो कळला पाहिजे, एवढंच.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बघा. पाळीच्या आधी स्तन जड आणि गाठाळ लागतात, तेव्हा हात लावून नुसतं घाबरायला होतं. पाळी गेली असेल तर महिन्याची एखादी तारीख ठरवा.

आधी आरशासमोर, उजेडात, कमरेच्या वर कपडे न ठेवता उभ्या राहा. हात खाली सोडून बघा, मग दोन्ही हात वर करून, मग कमरेवर घट्ट दाबून. कमरेवर हात दाबले की छातीचे स्नायू ताणले जातात आणि आत कुठे कातडी ओढली जात असेल तर तिथे खळगा दिसतो. एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं नेहमीचंच आहे. आकारात नव्याने पडलेला फरक महत्त्वाचा.

मग आडव्या व्हा. उजवा स्तन बघायचा असेल तर उजव्या खांद्याखाली घडी केलेली चादर ठेवा, उजवा हात डोक्याखाली आणि डाव्या हाताने तपासा. मधल्या तीन बोटांचा सपाट भाग वापरायचा, टोकं नाहीत. चिमटीत धरून बघितलं तर प्रत्येक स्तनात गाठच लागेल. काखेपासून सुरुवात करून गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत सरळ खाली, मग जरा सरकून पुन्हा वर, अशा उभ्या पट्ट्यांत छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. प्रत्येक जागी तीनदा: आधी हलकं, मग मध्यम, मग बरगडी जाणवेल इतकं दाबून. शेवटी हात थोडा सैल करून काखेत बोटं घाला. स्तनाच्या खालच्या कडेला एक टणकसर वळ लागतो, तो सगळ्यांनाच असतो.

दाखवायलाच हवेत असे बदल हे:

- स्तनात किंवा काखेत नवीन गाठ किंवा घट्टपणा, दुखत नसला तरी
- कातडीवर खळगा, किंवा कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
- पूर्वी बाहेर असलेलं बोंड आत ओढलं जाणं
- न दाबता, एकाच बाजूच्या बोंडातून येणारं रक्त किंवा पाण्यासारखा स्राव
- बोंडावर किंवा भोवती खाज, खपली, न भरणारं पुरळ
- स्तन लाल, गरम, सुजलेला आणि औषधांचा कोर्स संपूनही तसाच

नुसतं दुखणं, तेही दोन्ही बाजूंना आणि पाळीच्या आगेमागे, हे बहुतेक वेळा संप्रेरकांमुळे असतं. आणि सापडणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य साध्या असतात. विशीतल्या मुलींमध्ये बोटाखाली सटकणारी, गोल, रबरासारखी गाठ पुष्कळदा फायब्रोअडिनोमाची असते. पण ती साधी आहे हे तुम्ही, मी किंवा शेजारच्या काकूंनी ठरवायचं नसतं.

४. वर्षातून एकदा जाणत्या हातांकडून

या पायरीबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण तिचा पुरावा आपल्याच मुंबईतून आला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून जास्त बायकांवर एक अभ्यास सुरू केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. मॅमोग्राफी नाही, यंत्र नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तिन्हींची तपासणी अपेक्षित आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरून घेतात, त्यात छातीतल्या गाठीबद्दलही प्रश्न असतो. तो प्रश्न घाईघाईत ‘नाही’ म्हणून उरकू नका. आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे आपलं नेहमीचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, इथे ही तपासणी मोफत व्हायला हवी. शहरात महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा धरली आहे. मी म्हणेन, चाळिशीनंतर दरवर्षी करून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसऱ्या कामासाठी गेलात तरी ‘डॉक्टर, छातीही तपासता का?’ असं आपणहून म्हणा. त्याला दोन-चार मिनिटं लागतात. तपासणारी व्यक्ती बाईच हवी असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स असावी.

५. मॅमोग्राफी: कोणी, कधी, कशी

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. चाळिशीच्या आत स्तनाची ऊती दाट असते, एक्स-रेत सगळं पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच असते. म्हणून तरुण बायकांना आधी सोनोग्राफी सांगतात. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना मॅमोग्राफी देणारा सरकारी कार्यक्रम नाही. अमेरिकेत ४० ते ७४ या वयात दोन वर्षांतून एकदा करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटना सोयीसुविधा चांगल्या असलेल्या ठिकाणी ५० ते ६९ वयासाठी सुचवते. परवडत असेल तर चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि पन्नाशीनंतर टाळू नका.

पाळीनंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, तेव्हा दाबलेलं कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर, डिओडरंट लावू नका, त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. साडीपेक्षा वर-खाली वेगळे कपडे सोयीचे, कारण फक्त वरचाच काढावा लागतो. यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो. एकेका स्तनाचे दोन फोटो निघतात. दुखतं, खोटं सांगत नाही, पण सेकंदांपुरतं. किरणोत्सर्गाची भीती बाळगू नका, निसर्गातून सात आठवड्यांत जेवढा मिळतो साधारण तेवढाच असतो. जुन्या फिल्म असतील तर घेऊन जा. तुलना करता आली की डॉक्टरांना अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ असं लिहून एक आकडा असतो. तो बघायला शिका. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी. एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे आहे ते साधं आहे. तीन म्हणजे जवळजवळ नक्की साधं, कॅन्सर निघण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी परत बघायचं. या सहा महिन्यांचं पुढे वर्ष होतं आणि मग विसरायला होतं, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चार किंवा पाच आलं तर बायोप्सी लागणारच. सहा म्हणजे आधीच निदान झालेलं आहे.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये रक्ताची ‘कॅन्सर मार्कर’ तपासणी खपवतात. निरोगी बाईचा स्तनाचा कॅन्सर लवकर शोधायला तिचा उपयोग नाही. नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका आणि वाढली म्हणून झोप उडवून घेऊ नका. त्या पैशात सोनोग्राफी होते.

६. गाठ लागली, त्या दिवसापासून

इथे जरा थांबते, कारण बायका हरवतात त्या याच पायरीवर.

‘काकू, कधीपासून आहे ही?’ असं विचारलं की उत्तर तारखेत येत नाही. ‘धाकटीचं लग्न झालं ना, त्याच्या आधीपासून.’ ‘सोयाबीन काढायला आलं होतं तेव्हा लिंबाएवढी होती.’ लग्न आटपू दे, गणपती जाऊ देत, मुलाची बारावी होऊ दे. एकेक कारण खरं असतं आणि गाठ मात्र वाढत राहते. घरात कोणाला सांगायचं हा आणखी एक प्रश्न. नवऱ्याशी या विषयावर बोलायची सवय नसते, सासूबाईंना सांगितलं तर ‘शेक दे, बसेल’ म्हणतात. कोणी लेप सांगतं, कोणी उतारा.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक माप दिलं आहे: बाई तक्रार घेऊन पहिल्यांदा दवाखान्यात आली, त्या दिवसापासून साठ दिवसांच्या आत निदान पूर्ण झालं पाहिजे. पण त्या साठ दिवसांच्या आधी घरात गेलेले दिवस कोणीच मोजत नाही, ते आपण मोजायचे. ज्या दिवशी गाठ लागली, ती तारीख वहीत लिहा. जागा आणि अंदाजे आकार लिहा. पाळी येत असेल आणि गाठ पाळीच्या तोंडावर लागली असेल, तर पाळी झाल्यावर एकदा परत बघा. गेली तर ठीक. आहे तशीच असेल, किंवा पाळी गेलेली असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. एका माणसाला सांगा, जो तुम्हाला तिथे नेईल. बहीण असो, मुलगी असो, शेजारीण असो वा आशाताई.

अंगावर पाजणाऱ्या आयांना वेगळं सांगायला हवं. त्यांच्या गाठीला सगळेच ‘दुधाची गाठ’ म्हणतात आणि बहुतेकदा ती असतेही. पाजून, शेकून, दूध काढून ती एक-दोन आठवड्यांत विरघळते. दोन आठवड्यांनी तिथेच, तेवढीच असेल तर सोनोग्राफी करा. अंगावर पाजत असताना सोनोग्राफी चालते, गरज पडली तर बायोप्सीही चालते. बाळाचं अंगावरचं पाजणं तोडावं लागेल या भीतीने थांबू नका.

जायचं कोणाकडे? जवळ एमबीबीएस किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर तिथून सुरुवात करा, पण दोन भेटींच्या आत सर्जनकडे चिठ्ठी मागा. ‘वय लहान आहे, काही नसेल’ एवढ्यावर परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो, तिशी-चाळिशीतल्या बायकाही त्यात असतात.

गाठीचं उत्तर तीन गोष्टी जुळल्यावर मिळतं: हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि बायोप्सी. हाताला गाठ लागते आहे आणि मॅमोग्राफी नॉर्मल आहे, तर काम संपलं असं होत नाही. काही गाठी मॅमोग्राफीत दिसत नाहीत.

७. आधी सुई, मग सुरी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ‘छोटीशी गाठ आहे, उद्या काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू’ असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे थांबा आणि म्हणा, ‘डॉक्टर, आधी सुईची बायोप्सी करूया.’ निदान न करता गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर कडेला आजार राहिला का हे नीट कळत नाही, काखेतल्या गाठींचं काय करायचं हा निर्णय मागे राहतो, आणि बहुतेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. काही जणींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करणं फायद्याचं असतं, ती संधीही जाते.

‘ट्रूकट’ किंवा ‘कोअर’ बायोप्सी म्हणतात ती अशी होते. तुम्ही टेबलावर आडव्या असता. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ दिसत असते. कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते चुरचुरतं. मग एक छोटी चीर देऊन जाड सुई आत नेतात आणि स्प्रिंगचा ‘टक्’ असा मोठा आवाज होतो. आवाजाने दचकायला होतं, म्हणून चांगले डॉक्टर तो आधी ऐकवून दाखवतात. दर वेळी एक-दोन मिलिमीटर जाडीचा एक तुकडा निघतो, असे तीन-चार तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. बाटलीवर तुमचं नाव आणि बाजू, डावी की उजवी, बरोबर लिहिली आहे ना ते बघून घ्या. नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं. आठवडाभर काळंनिळं राहतं. टाके नाहीत, भरती व्हावं लागत नाही.

‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ हे मी सुशिक्षित घरांतही ऐकलं आहे. असं होत नाही. बायोप्सीनंतर काही महिन्यांनी ज्यांचा आजार वाढलेला दिसतो, त्यांच्यात तो बायोप्सीने नव्हे, बायोप्सीनंतर घाबरून घरी बसल्याने वाढलेला असतो.

बारीक सुईने पाणी काढल्यासारखी करतात ती एफएनएसी. तिच्यात फक्त पेशी येतात, ऊती येत नाही. कॅन्सरची शंका असेल तर कोअर बायोप्सीच मागा, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्या तुकड्यावर होतात.

८. कॅन्सर म्हणून लिहून आलं तर

रिपोर्ट आला की लगेच दुसरी तपासणी लागते, तिला आयएचसी म्हणतात. ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावं त्यात असतात. पहिली दोन म्हणजे गाठीच्या पेशींमधली संप्रेरकं पकडणारी प्रथिनं, तिसरं पेशींची वाढ जोरात करणारं प्रथिन. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर संप्रेरकं रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत. तिन्ही निगेटिव्ह असेल तर मुख्य भर केमोवर असतो. ही तीन उत्तरं नसताना उपचार सुरू करायची घाई करू नका, हे आठवडाभराचं थांबणं कामाचं आहे.

प्रयोगशाळेकडून मेणाचा ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, आणि काचा मागून घ्या. मोठं रुग्णालय ते परत तपासतं. नसतील तर बायोप्सी पुन्हा करावी लागते आणि आणखी दिवस जातात. सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा.

स्तन पूर्ण काढावाच लागतो असं नाही. आजार लवकर सापडला असेल तर फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन देतात, आणि आयुष्यमान दोन्ही पद्धतींत सारखंच राहतं. हा पर्याय आपल्याला लागू आहे का, हे विचारल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करू नका.

महाराष्ट्रात परळच्या टाटा मेमोरियलखेरीज बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय अशी ठिकाणं आहेत. जवळचं गाठा, कारण केमो आणि रेडिएशनच्या फेऱ्या महिनोन् महिने चालतात, आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांमागे प्रवास हे एक मोठं कारण असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, कॅन्सरचे उपचार त्यात येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी जा. आधी पैसे भरून नंतर योजनेतून परत मिळवू म्हणाल तर अवघड होतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रेल्वे भाड्यात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत राहायची सोय नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांची माहिती तेच देतात.

पहिल्या भेटीला दोघांनी जा, एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं. विचारायचं ते असं: आजार कुठल्या टप्प्यात आहे? आधी केमो की आधी ऑपरेशन, आणि का? एकूण किती महिने? खर्च योजनेत किती बसतो? आणि वय कमी असेल, मूल हवं असेल, तर तोही प्रश्न याच भेटीत विचारा. केमोमुळे पाळी कायमची जाऊ शकते. स्त्रीबीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायचे असतील तर ते केमोचा पहिला डोस लागण्याच्या आधीच करावं लागतं.